कामाला जागा हवी होती: मारिया स्क्लोदोव्स्का आणि पिएर क्युरी यांचं लग्न कसं ठरलं

१८९४ सालच्या वसंतात पॅरिसमध्ये शिकणाऱ्या मारिया स्क्लोदोव्स्का या पोलिश मुलीची, म्हणजे पुढच्या मारी क्युरीची, अडचण अगदी रोकडी होती. तिला जागा हवी होती. राहायला नव्हे, बरेच जिने चढून जायची एक लहानशी खोली तिच्याकडे होती आणि तेवढ्यात तिचं भागत होतं. जागा हवी होती ती कामाला. फ्रान्समधल्या उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेने वेगवेगळ्या पोलादांचे चुंबकीय गुणधर्म तपासायचं काम तिच्यावर सोपवलं होतं. गाब्रिएल लिपमान यांच्या प्रयोगशाळेत ते सुरूही झालं होतं. पण तिथे आधीच दाटी होती आणि नमुने, उपकरणं मांडायची तर टेबलं पुरत नव्हती.

ही तक्रार तिने यूझेफ कोवाल्स्की यांच्या कानावर घातली. हे पोलिश भौतिकशास्त्रज्ञ, स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्गला प्राध्यापक, तेव्हा बायकोसह पॅरिसला आले होते. त्यांनी थोडा विचार करून एका माणसाचं नाव काढलं: पिएर क्युरी. औद्योगिक भौतिकी आणि रसायन शिकवणाऱ्या पॅरिस शहराच्या संस्थेत तो काम करतो, चुंबकत्व हाच त्याचा विषय आहे, त्याच्याकडे कदाचित जागा निघेल. उद्या संध्याकाळी चहाला या, तोही येईल.

म्हणजे लग्न जुळवणं कोणाच्याही मनात नव्हतं. मोजमापासाठी चार हात जागा शोधता शोधता दोन माणसं समोरासमोर आली, आणि तिथून सव्वा वर्षाने, २६ जुलै १८९५ रोजी, त्यांचं लग्न झालं. मला या प्रकरणात रस आहे तो त्या सव्वा वर्षात. भेट पहिल्याच संध्याकाळी मनासारखी झाली होती. पिएरच्या मनाने काही महिन्यांतच कौल दिला होता. तरीही होकार यायला पुढचा उन्हाळा उजाडला. एवढा वेळ कशात गेला आणि शेवटी गाठ सुटली ती कशाने, हे पाहण्यासारखं आहे. पाहता येतं, कारण पिएरची त्या काळातली पत्रं उरली आहेत. पुढे मारीने नवऱ्याचं चरित्र लिहिलं आणि त्यांची धाकटी मुलगी ईव्ह हिने आईचं.

आधीचं एक प्रकरण

मारियाचा होकार का लांबला हे समजायला पॅरिस सोडून मागे जावं लागतं. १८६७ साली वॉर्सामध्ये जन्मलेली ही मुलगी. पोलंड तेव्हा नकाशावर नव्हता. वॉर्सा रशियन सत्तेखाली होतं आणि शाळेत पोलिश इतिहास लपूनछपून शिकावा लागे. वडील गणित आणि भौतिकी शिकवणारे. आई क्षयाने गेली तेव्हा मारिया दहा वर्षांची होती. वॉर्सा विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून तिने आणि थोरली बहीण ब्रोन्या हिने आपसात एक करार केला: आधी ब्रोन्याने पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, मारियाने शिकवणीची नोकरी धरून तिला पैसे पाठवायचे, आणि मग ब्रोन्याने तिला बोलावून घ्यायचं.

त्या करारापोटी १८८६ च्या जानेवारीत अठरा वर्षांची मारिया वॉर्सापासून दूर, बिटाच्या शेतांनी वेढलेल्या श्चुकी या गावी झोराव्स्की कुटुंबात मुलांना शिकवायला गेली. त्या घरचा मोठा मुलगा काझिमिएर्झ वॉर्साला गणित शिकत होता. सुट्टीला घरी आला आणि ही मुलगी त्याला भेटली. ती घोड्यावर बसायची, बर्फावर सरकत जायची, गणितावर त्याच्याशी वाद घालायची. दोघं एकमेकांत गुंतली. त्याने घरी विषय काढला तेव्हा आईवडिलांनी साफ नाही म्हटलं. मारिया त्यांना आवडत होती, पण दुसऱ्याच्या घरी नोकरी करणारी, हाती पैसा नसलेली मुलगी सून म्हणून चालणार नव्हती.

इथवर हे कुठल्याही काळातल्या कुठल्याही गावचं दुःख आहे. मला बोचतं ते त्यानंतरचं. मारिया नोकरी सोडू शकली नाही, कारण तिच्या पगारातून ब्रोन्याचं शिक्षण चालू होतं. ज्या घराने तिला नाकारलं त्याच घरात ती पुढेही राबत राहिली. साडेतीन वर्षांची नोकरी पुरी करून १८८९ मध्ये बाहेर पडली. आणि काझिमिएर्झने तिला नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. तो आईवडिलांना डावलायला धजेना आणि तिला सोडायलाही तयार होईना. आशा लोंबकळत राहिली. १८९० मध्ये ब्रोन्याने पॅरिसला बोलावलं तेव्हा मारियाने वडिलांजवळ राहायला हवं हे कारण पुढे केलं. ते खरंही होतं, पण एकटं ते नव्हतं. १८९१ मध्ये झाकोपाने या डोंगरातल्या गावी दोघं पुन्हा भेटली. तो तेच जुने घोळ घालू लागला, तेव्हा तिने त्याला सुनावलं, की आपल्या दोघांचा मार्ग तुलाच दिसत नसेल तर तो मी दाखवायचा नाही. त्या हिवाळ्याच्या तोंडाशी ती पॅरिसला निघाली.

काझिमिएर्झ झोराव्स्की पुढे मोठा गणितज्ञ झाला, क्राकूवच्या विद्यापीठाचा कुलगुरूही. तो वाईट माणूस नव्हता. पण हातात असलेला निर्णय न घेणारा माणूस समोरच्याचं किती आयुष्य खातो, हे त्या पाच वर्षांत मारियाने पाहिलं होतं. पॅरिसमध्ये आल्यावर प्रेम, लग्न हे शब्द तिने आपल्या बेतातून पुसून टाकले होते. भौतिकीच्या परीक्षेत १८९३ साली ती पहिली आली, पुढच्या वर्षी गणितात दुसरी. बेत ठरलेला होता: शिक्षण पुरं करायचं, वॉर्साला परतायचं, वडिलांजवळ राहायचं आणि शिकवायचं. पारतंत्र्यातल्या पोलिश माणसांना शिकवणं ही तिच्या पिढीच्या लेखी देशसेवाच होती.

समोरचा माणूस

कोवाल्स्कींच्या घरी ती आत आली तेव्हा पिएर बाल्कनीकडे उघडणाऱ्या दारात उभा होता. पस्तिशीला आलेला, तरी तिला तो फार तरुण वाटला. शांत, सावकाश बोलणारा, साधा. ही पहिली आठवण तिने पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. बोलणं विज्ञानावरून सुरू झालं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. मग ते समाजावर, माणसांच्या दुःखावर गेलं आणि तिथेही दोघांची मतं जुळत गेली.

पिएर स्वतः चाकोरीबाहेरचा माणूस. वडील डॉक्टर, त्यांनी मुलाला शाळेत न घालता घरीच वाढवलं. एकविसाव्या वर्षी, १८८० मध्ये, थोरला भाऊ जाक याच्याबरोबर त्याने दाबविजेचा, म्हणजे काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार येतो याचा शोध लावला. पण पदासाठी कोणाच्या दारात उभं राहणं त्याला जमत नसे. १८८२ पासून तो त्या संस्थेत प्रयोगशाळा सांभाळत होता आणि बारा वर्षांनंतरही त्याचा पगार कारखान्यातल्या कसबी कामगाराइतकाच होता. डॉक्टरेटचा प्रबंध लिहायचाही त्याने कंटाळा केला होता. देऊ केलेला सन्मान नको म्हणून कळवून टाकणारा हा गृहस्थ होता.

बायकांविषयीचं त्याचं मत चांगलं नव्हतं, हेही सांगायला हवं. बाविशीच्या सुमारास त्याने डायरीत लिहून ठेवलं होतं की प्रतिभावान स्त्रिया विरळा. आणि विचाराच्या कामाला वाहून घ्यायचं तर पुरुषाला स्त्रीशी झगडावंच लागतं, कारण ती त्याला संसाराकडे ओढते. हे वाचून आज राग येतो, आणि यावा. पण त्या मताच्या माणसाला चहाच्या टेबलाशी अशी मुलगी भेटली, जी त्याच्याशी स्फटिकांच्या सममितीवर बोलत होती, आणि ज्या संसाराला तो भ्यायचा त्याची जिला त्याच्याहून कमी हौस होती. तिने त्याचं मत खोडून काढण्यासाठी काहीच केलं नाही. ती आपलं काम करत होती.

जागेचं काय झालं? पिएरकडे द्यायला मोठी जागा नव्हतीच. त्याचं स्वतःचं संशोधन कोपऱ्याकापऱ्यात चालायचं. जी थोडीफार निघाली ती त्याने दिली. मग भौतिकी मंडळाच्या सभांना दोघं भेटू लागली. त्याने तिला नजराणा दिला तो नुकत्याच छापून आलेल्या आपल्या निबंधाच्या प्रतीचा: भौतिक घटनांमधली सममिती, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची सममिती. वर तिचं नाव आणि लेखकाच्या आदराचे, मैत्रीचे दोन शब्द. काही दिवसांनी त्याने विचारलं, तुमच्याकडे आलो तर चालेल का? तिने आपल्या खोलीवर बोलावलं. खोलीत जवळजवळ काहीच नव्हतं, आणि त्या रिकाम्या खोलीत ती त्याला आणखीच आवडली, असं ईव्हने लिहिलं आहे. माझा त्यावर सहज विश्वास बसतो. ज्याला स्वतःला फार काही नको असतं, त्याला तसंच दुसरं माणूस भेटणं ही मोठी गोष्ट असते.

उन्हाळा आला. परीक्षा देऊन ती पोलंडला निघाली, आणि परत यायचं का हे तिचं ठरलेलं नव्हतं. निघण्याआधी पिएरने लग्नाचा विषय काढला होता. तिने तो थांबवला. एवढंच ठरलं, की निदान चांगले मित्र तरी राहायचं.

उन्हाळ्यातली पत्रं

१० ऑगस्ट १८९४ चं पिएरचं पत्र या प्रकरणाचा गाभा आहे. दोन महिने बातमी मिळणार नाही या कल्पनेनेच त्रास होत होता, तुमची चिठ्ठी आली, बरं वाटलं, अशी सुरुवात. मग तो आठवण देतो की आपण मैत्रीचा शब्द दिला आहे. आणि लगेच पुढे म्हणतो, तुमचं मन बदललं नाही म्हणजे झालं, कारण असल्या गोष्टींत कुठलाच शब्द बांधून घालत नाही, मनाला हुकूम देता येत नाही. त्यानंतर ते प्रसिद्ध वाक्य येतं: आपापल्या स्वप्नांच्या भुलीत एकमेकांजवळ आयुष्य काढता आलं तर किती सुंदर होईल, तुमचं देशाचं स्वप्न, आपलं माणुसकीचं स्वप्न आणि आपलं विज्ञानाचं स्वप्न.

सर्वनामं पाहा. पहिलं स्वप्न ‘तुमचं’, उरलेली दोन ‘आपली’. तिचा देश त्याचा नाही हे त्याने लपवलं नाही, आणि तरी तो त्याने सगळ्यात आधी मांडला.

पण याच पत्रात पिएर चुकलाही आहे, असं माझं मत आहे. तीन स्वप्नं मांडून तो लगेच म्हणतो की यांतलं शेवटचंच काय ते खरं धरण्याजोगं. समाज बदलायची आपली ताकद नाही. बदलायला गेलो तर भलं करतोय की बुरं हेही कळणार नाही. विज्ञानात मात्र मिळवलेली वीतभर जमीनही पायाखाली पक्की राहते. युक्तिवाद सरळ आहे. पण ज्या मुलीच्या शाळेत मातृभाषा चोरून शिकवली जायची तिला हे सांगणं म्हणजे तिच्या मनातली सर्वांत जड वस्तू हलकी समजणं होतं. पुढे तो लिहितो की वर्षभराने तुम्ही फ्रान्स सोडून गेलात तर पुन्हा कधी न भेटणाऱ्या दोन जिवांची ती मैत्री फारच हवेतली ठरेल. माझ्याजवळच राहिलात तर नाही का बरं? आणि लगोलग कबुली: हा प्रश्न तुम्हाला आवडत नाही, त्यावर बोलायचं नाही हे मला ठाऊक आहे, आणि सगळ्याच बाजूंनी मी तुमच्या लायकीचा नाही असं मला वाटतं.

चारच दिवसांनी आणखी एक पत्र. मारिया तेव्हा वडिलांबरोबर स्वित्झर्लंडला आली होती आणि तिने पिएरला फ्रिबुर्गला येण्याविषयी लिहिलं होतं. तो गेला नाही. का गेला नाही हे त्याने मनातलं एकेक पाऊल उलगडून लिहिलं आहे. आधी वाटलं, मी येऊ नये असंच यांना वाटतंय. मग वाटलं, तीन दिवस सोबतीला मिळावेत म्हणून त्यांनी किती चांगुलपणाने लिहिलं आहे, आणि मी निघायच्या बेतात आलो. मग लाज वाटली, की जवळजवळ त्यांच्या मनाविरुद्ध मी असा पाठीमागे लागतोय. शेवटी ठरलं ते एका गोष्टीवरून: मी आलेला तुमच्या वडिलांना बहुधा रुचणार नाही आणि लेकीबरोबर फिरण्याचा त्यांचा आनंद जाईल. आता वेळ निघून गेली आहे आणि गेलो नाही याची हळहळ वाटते.

त्याच पत्रात त्याने एक आठवण काढली आहे, ती मला या सगळ्या पत्रव्यवहारात सर्वांत हळवी वाटते. मी-कारेमच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाच्या (लेंटच्या) मध्यावर येणाऱ्या सणाच्या दिवशी गर्दीत त्या दोघांची अचानक चुकामूक झाली होती. आपली मैत्रीही अशीच, दोघांपैकी कोणाची इच्छा नसताना, एकदम तुटून जाईल असं मला वाटत राहतं, असं तो लिहितो.

हे पत्र वाचताना काझिमिएर्झची आठवण येतेच. डळमळणं दोघांतही होतं. फ्रिबुर्गला न जाऊन पिएरनेही कच खाल्ली. पण काझिमिएर्झची चलबिचल मारियाला बाहेरून बघत बसावी लागली, आत काय चाललंय हे कळायला मार्ग नव्हता. पिएरने आपली चलबिचल जशीच्या तशी कागदावर उतरवून तिच्या हाती दिली. तो धीट होता म्हणून मारिया त्याच्याकडे वळली असं मला वाटत नाही. समोरच्याच्या मनात आज काय आहे हे तिला पहिल्यांदाच विचारावं लागत नव्हतं, आणि फरक पडला तो याने.

सप्टेंबरात तिने आपला फोटो पाठवला. पिएरने तो जाकला दाखवला. जाक म्हणाला, मुलगी करारी दिसते, हट्टीसुद्धा. पिएरने हेही तिला कळवून टाकलं. आणि परत या असं लिहिताना आपलं दुःख सांगून पुढे पुस्ती जोडली, की हे मित्राच्या स्वार्थापोटी सांगत नाही. तुमचं काम इथे अधिक चांगलं, अधिक पक्कं होईल असं मला खरोखर वाटतं.

पाठलाग की प्रतीक्षा

इथे थांबून एक प्रश्न सोडवायला हवा, कारण असल्या गोष्टी सांगताना तो हमखास झाकला जातो. मुलीने विषय थांबवला असताना मुलगा लिहीत राहतो, विचारत राहतो, आणि शेवटी ती हो म्हणते. ही गोष्ट चुकीच्या हातात पडली तर नकार म्हणजे थोडं आणखी विचारायची सोय, असा तिचा अर्थ निघेल. किती मुलींना असल्या ‘चिकाटी’चा जाच झाला आहे हे आपण जाणतो.

म्हणून घटना क्रमाने मांडून पाहाव्यात. पत्र कोण लिहीत होतं? दोघंही. तिने स्वित्झर्लंडहून भेटीचं सुचवलं. त्याने सुचवलं नव्हतं. फोटो तिने पाठवला. ऑक्टोबरात पॅरिसला परतायचा निर्णय तिचा, आणि तिला तो सहज टाळता आला असता. वॉर्सात घर होतं, वडील होते, आधीपासूनचा बेत होता. तिने एक विषय बंद ठेवला होता आणि बाकी सगळी दारं उघडी ठेवली होती. पिएर उघड्या दारांतूनच येत राहिला. आणि पाठीमागे लागतोय की काय ही शंका आली तेव्हा त्याने पाऊल मागे घेतलं. फ्रिबुर्गची गोष्ट तीच तर आहे. मनाविरुद्ध जातोय असं वाटून लाज वाटणारा माणूस आणि नकारालाच आव्हान समजणारा माणूस यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

ऑक्टोबरनंतर

परत आल्यावर मारिया ब्रोन्याच्या दवाखान्याला लागून असलेल्या खोलीत राहू लागली. ब्रोन्या एव्हाना डॉक्टर झाली होती, लग्न होऊन संसाराला लागली होती. पिएर तिथे येई. लग्नाचं तो पुन्हा विचारी, पण दर वेळी विचारणं निराळं असे, आणि माझ्या मते इथेच हे प्रकरण इतर प्रेमकथांहून वेगळं पडतं. नकार ऐकून आवाज चढवायचा किंवा विनवण्या वाढवायच्या, ही नेहमीची तऱ्हा. पिएर नकार ऐकून आपला प्रस्तावच बदलायचा.

लग्न नको असेल तर नको. म्युफेतार रस्त्यावर एक घर आहे, खिडक्या बागेवर उघडतात, त्याचे दोन स्वतंत्र भाग करता येतात. एका भागात तुम्ही, एका भागात मी, आणि काम बरोबर. मैत्री म्हणूनच. एकोणिसाव्या शतकात अविवाहित मुलीपुढे हे मांडणं धाडसाचंच होतं, पण त्यात डाव नव्हता. मारियाने तेही घेतलं नाही.

मग आला शेवटचा प्रस्ताव. तुम्हाला देश सोडता येत नसेल तर मी सोडतो. मी पोलंडला येतो. तिथे संशोधनाची नोकरी मिळणार नाही हे उघड आहे. फ्रेंचच्या शिकवण्या करीन आणि जमेल तेवढं विज्ञान तुमच्याबरोबर करीन.

ऑगस्टमधल्या पत्राशेजारी हे ठेवून पाहा. दोन-तीन महिन्यांपूर्वी हाच माणूस तिला समजावत होता की विज्ञानाचं स्वप्न तेवढं खरं, देशाचं नाही. आता तो तिच्या देशासाठी आपलं विज्ञान कमी करायला निघाला होता. आणि पिएरसाठी विज्ञान म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला या बोलण्याचं मोल कळेल. त्याने वाद जिंकायचा सोडून दिला. तिला जे जड वाटत होतं ते त्याने स्वतः उचलून पाहिलं.

मारियाने त्याला पोलंडला नेलं नाही, हे आपण जाणतोच. पण ती आता तिढ्यात सापडली. एकेकाळी ज्या घरातली नोकरी करायची तिथल्या मुलाला तिच्यासाठी आईवडिलांच्या नाराजीपर्यंतही जाता आलं नव्हतं. आणि इथे एक शास्त्रज्ञ शिकवण्या करायला तयार होता. या प्रस्तावाविषयी ती ब्रोन्याशी बोलली. असा त्याग मी पत्करावा का, एवढंच नव्हे, तर त्याच्या मनात तो आला या गोष्टीनेच ती हलून गेली होती.

मग घरची माणसं या गोष्टीत आली. पॅरिसच्या दक्षिणेला सो नावाचं गाव आहे, तिथे पिएरचे आईवडील राहत. बाग असलेलं साधं घर, पुस्तकात गढलेले वृद्ध डॉक्टर, प्रेमळ आई. तिथे मारियाला आपल्याच घरासारखं वाटलं. आणि पिएरच्या आईने ब्रोन्याला बाजूला घेऊन सांगितलं, माझ्या पिएरसारखा माणूस सापडायचा नाही, तुझ्या बहिणीला म्हणावं फार आढेवेढे घेऊ नकोस. श्चुकीला ज्या मुलीला आईवडिलांनी नाकारलं होतं, तिच्यासाठी इथे मुलाची आईच रदबदली करत होती. हा योगायोग मारियाच्या ध्यानात आला नसेल असं मला वाटत नाही.

१८९५ च्या मार्चमध्ये पिएरने एकदाचा डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. विषय, निरनिराळ्या तापमानांना पदार्थांचे चुंबकीय गुणधर्म. ठराविक तापमानाला लोहचुंबकत्व नाहीसं होतं, त्या तापमानाला आज आपण क्युरी बिंदू म्हणतो. सभागृहात मारिया बसली होती. परीक्षकांशी चाललेलं त्याचं बोलणं ऐकताना छातीत काय भरून आलं ते तिने पुढे लिहिलं आहे. याआधी त्याने तिला पत्रांतून मन दाखवलं होतं. त्या दिवशी तिने त्याला त्याच्या जागी उभा राहिलेला पाहिलं.

होकार

मराठीत लग्न ठरण्याला वाङ्निश्चय असा एक जुना शब्द आहे. वाचेने केलेला निश्चय. या दोघांचं ठरणं अक्षरशः तेवढंच होतं. अंगठी नाही, समारंभ नाही, कुठल्याही दिवशी चारचौघांत जाहीर करणं नाही. पत्रांतल्या आणि भेटींतल्या शब्दांचा ढीग वाढत गेला आणि ईव्हच्या सांगण्याप्रमाणे दहा महिन्यांनी मारियाने मान हलवली. नेमका दिवस मला महत्त्वाचा वाटत नाही. तिला कोणीतरी जिंकलं असा तो क्षण नव्हता. पॅरिसमध्ये राहायचं म्हणजे वडिलांना आणि वॉर्साला दिलेल्या शब्दाशी तडजोड करायची, हे तिला कळत होतं आणि ते कळूनच तिने ठरवलं.

मन खात होतंच. म्हणून तिने घरी लिहिलं. भाऊ यूझेफने १४ जुलैला उत्तर दिलं: मनाचा कौल घेतलास ते बरोबर केलंस, त्याबद्दल कोणी न्यायी माणूस तुला बोल लावणार नाही, आणि तुला ओळखतो म्हणून सांगतो, तू जिवाभावाने पोलिशच राहशील. मला या पत्रासमोर दर वेळी थांबावंसं वाटतं. पिएरला कितीही वाटलं तरी हे वाक्य त्याला म्हणता आलं नसतं. ही मोकळीक फक्त घरचं माणूस देऊ शकत होतं, आणि भावाने ती हातचं न राखता दिली. १८९८ च्या जुलैत या नवराबायकोने एक नवं मूलद्रव्य सापडल्याचं जाहीर केलं तेव्हा त्याला नाव दिलं पोलोनियम. नकाशावर नसलेल्या देशाचं नाव.

लग्नासाठी ब्रोन्याच्या सासूबाईंनी पोशाख देऊ केला. मारियाने सांगितलं, द्यायचाच असेल तर गडद रंगाचा आणि साधा द्या, म्हणजे नंतर प्रयोगशाळेत घालता येईल. गर्द निळा शिवला गेला. वॉर्साहून वडील आणि बहीण हेला आली. त्या सकाळी पिएर तिला न्यायला आला आणि दोघं घोड्यांच्या बसच्या वरच्या मजल्यावर बसून स्टेशनाकडे गेली. सोच्या नगरपालिकेत नोंदणी झाली. धार्मिक विधी दोघांनाही नको होते. एका नातेवाइकाने आहेरात पैसे दिले होते, त्यांच्या दोन सायकली आल्या आणि त्यांवरून दोघं खेडोपाडी हिंडून आली.

ग्लासिएर रस्त्यावर तीन खोल्यांचं घर घेतलं. पिएरच्या आईवडिलांनी सामान देऊ केलं ते त्यांनी नाकारलं. प्रत्येक खुर्ची म्हणजे झाडायची-पुसायची आणखी एक वस्तू. एक टेबल, दोन खुर्च्या, पुस्तकं आणि दिवा, एवढंच ठेवलं. आणि पिएरच्या संस्थेचे संचालक शुट्झेनबर्गे यांनी मारीला नवऱ्याच्या शेजारी प्रयोगशाळेत काम करायची परवानगी दिली. पोलादांच्या चुंबकत्वावरचं ते काम, ज्याच्यासाठी तिने कोवाल्स्कींकडे तक्रार केली होती, तिने १८९७ साली तिथे राहून पुरं केलं.